गीबतीचा अर्धा धडा

आमच्या ह्यांनी सगळा जन्म लाकडाला पॉलिश करण्यात घालवला. फर्निचरच्या कारखान्यातल्या मागच्या खोलीत बसून लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा आणि कापसाचा बोळा फिरवत राहायचं. त्यांच्या हातून गेलेल्या कपाटात बघून केस विंचरावेत, असं काम. माझ्या घरातलं कपाट मात्र अजून कच्च्या लाकडाचं आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दोन वर्षांपूर्वी खोकला लागला तो थांबेना. डॉक्टरने छातीचा फोटो काढला आणि सांगितलं, आतून सगळं काळं पडलंय, स्पिरिटच्या वाफेने. त्या दिवसापासून ह्या माणसाने ध्यासच घेतला, आणखी आत काय काय काळं आहे ते बघायचं. दर गुरुवारी असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजनंतर मशिदीत मौलाना तजकियाचा धडा घ्यायचे. तजकिया म्हणजे मन घासूनपुसून साफ करणं. हसद, म्हणजे दुसऱ्याचं बरं न बघवणं. रिया, म्हणजे लोकांनी बघावं म्हणून केलेली भक्ती. किब्र, म्हणजे ताठा. एका गुरुवारी एक आजार. हे वही घेऊन पहिल्या रांगेत, आणि घरी आले की मला शिकवायला तयार. मी म्हणायचे, "आधी स्वतःचं ताट उचला, मग मला ताठा समजवा."

पण खोटं कशाला बोलू, माणूस बदलत होता. मशिदीत चारचौघांत जमिनीला कपाळ टेकून लांबलचक सजदा करणारे हे, आता तिथे बेताचा करायचे आणि घरी दार लावून लांब. कारखान्यात कुणावर खेकसले तर दुसऱ्या दिवशी जाऊन त्याची समजूत काढायचे. मला बरं वाटायचं आणि भीतीही वाटायची. जुनं लाकूड घासायला लागलं की खालून काय निघेल ते सांगता येत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

मग गीबतीचा गुरुवार आला. गीबत म्हणजे पाठीमागे वाईट बोलणं, आणि ते खोटं असेल तर त्याहून मोठं पाप. मौलाना म्हणाले, ज्याचं नुकसान केलंत त्याच्याकडे माफी मागा, मरणाआधी मागा. उरलेलं पुढच्या आठवड्यात. हे घरी आले ते जेवलेच नाहीत. कुणाचा चेहरा त्यांच्यासमोर होता ते मला न सांगता कळलं. माझ्या थोरल्या भावाचा.

भाई बेकरीत कामाला. तरुणपणी डावा हात भट्टीत भाजला आणि तीन बोटं एकमेकांना चिकटून गेली. "बेकरीवाल्याला पंजा काय करायचाय, फावडं बरं," म्हणायचा. लग्न झालं नाही. एकदा ठरत आलं होतं. मुलगी एकुलती एक, तिच्या बापाला घरजावई हवा होता, दुसऱ्या गावी. ऐनवेळी नकार आला. हात बघून दिला, असं भाई धरून चालला. आमची अम्मी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. अकरा वर्षं तिचं सगळं त्याने केलं, त्या एका धड हाताने. ती गेल्यावर त्याला घर म्हणून आमचंच. दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की काखेत पावाची लादी घेऊन जेवायला यायचा.

त्या शुक्रवारीही आला. मी ह्यांना म्हटलं होतं, "जरा थांबा, पुढचा गुरुवार तरी होऊ द्या." पण उतावळेपणा. म्हणे, खोकला थांबणार आहे का माझ्यासाठी?

जेवता जेवता हे म्हणाले, "भाई, तुमचं लग्न हातामुळे मोडलं नव्हतं. मी मोडलं. मुलीचा बाप कारखान्यात चौकशीला आला होता. मी सांगितलं, पोरगा तापट आहे, आईवर हात उगारतो. तुम्ही गेलात तर अम्मी आमच्या एका खोलीत येणार, म्हणून सांगितलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

भाई घास हातात धरून बसला होता. मग तो ह्यांना म्हणाला, "दाजी, एवढी वर्षं मी सबर कशावर केला? मला वाटायचं, अल्लाहची मर्जी. रोज दुआत म्हणायचो, तू नाही दिलंस, मी राजी आहे. ती तुमची मर्जी होती होय?"

"मला माफ करा, भाई."

"केलं," भाई म्हणाला. "तुम्ही मोकळे झालात." घास ताटात ठेवला आणि हात न धुता निघून गेला.

पुढच्या गुरुवारी हे धड्याहून परत आले तेव्हा चेहरा राखेसारखा. वही माझ्या पुढ्यात टाकली. मौलानांनी उरलेला धडा सांगितला होता. ज्याला काहीच माहीत नाही आणि सांगितल्याने त्याचा जीव जळणार असेल, त्याला सांगू नका. त्याच्यासाठी दुआ मागा, जिथे वाईट बोललात तिथे जाऊन त्याचं चांगलं बोला, आणि ओझं तुम्ही वाहा. हे जमिनीवरच बसले. म्हणाले, "मी माझं काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं गं." मला कीव आली नाही. राग आला, आणि तो नुसता त्यांच्यावर नव्हता.

भाई पुन्हा आला नाही. दोन शुक्रवार गेले, तशी मीच बेकरीवर गेले. तो पावाच्या पत्र्यांना तेल लावत होता. वाळला होता. मशिदीत जातोस ना, विचारलं, तर म्हणाला, "जातो. उभा राहतो. दुआला हात उचलले की काय मागायचं ते सुचत नाही."

मला रडू फुटलं. ज्या दिवशी मुलीचा बाप कारखान्यात आला होता, त्याच संध्याकाळी ह्यांनी मला सगळं सांगितलं होतं. मी कपड्यांच्या घड्या करत होते. खोली एवढीशी, पोरं लहान, अम्मीचं सगळं अंथरुणात. एका शब्दाने सावरता आलं असतं. मी म्हटलं होतं, "बरं झालं."

भाईने तेलकट मनगटाने माझे डोळे पुसले. "तू कशाला रडतेस, वेडे? तुला कुठे काय ठाऊक होतं? तू एक तरी माझी उरलीस."

मला ठाऊक होतं, हे तोंडापर्यंत आलं होतं. मौलानांचा उरलेला धडा आठवला, की नुसती भीती वाटली, ते मला आजही सांगता येत नाही. त्याने पाव कागदात बांधून दिला. मी तो पिशवीत घातला आणि म्हटलं, "पुढच्या शुक्रवारी मीच येईन इकडे."