माझी बाटली आणि कमरेतली कळ

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमचं घर बौद्ध. प्रत्येक गोष्टीचं कारण विचारा, हे वडिलांनी लहानपणापासून शिकवलेलं. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

१९७८, मार्चमधली दुपार. खोपोलीत शिळफाट्याजवळ एक छोटा दवाखाना होता. कारखान्यात माझ्यासोबत असलेल्या दत्तूची बायको सुनंदा तिथे दुसऱ्यांदा बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्तस्राव थांबेना. गट जुळला म्हणून मी एक बाटली रक्त दिलं. डॉक्टरांनी दोघांचं रक्त काचेवर मिसळून पाहिलं — गुठळी नाही, सगळं ठीक. मी बाहेर बाकावर चहा पीत बसलो.

अर्धा कप झाला असेल... कमरेत अशी कळ आली की कप हातातून सुटला. मागोमाग हुडहुडी — भर उन्हाळ्यात! आणि डोक्यात एकच, बाटली बंद करा. तसाच आत गेलो. नर्सबाई उखडल्या. रक्त दिल्यावर होतं असं, आडवे व्हा, बाटली आत्ताच तर लावलीय म्हणाल्या. सुनंदा शांत पडली होती.

"बाई, माझंच रक्त हाय ते. आधी बंद करा, मग मला काय बोलायचं ते बोला."

माझा अवतार बघून असेल, त्यांनी नळीचा चिमटा आवळला. मिनिटभरातच सुनंदा कमरेला हात लावून कण्हली आणि थडथडा कापू लागली.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, या वेळी दोघांचं रक्त काचेच्या छोट्या नळीत घालून, ती अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवून. थंड काचेवर न दिसलेल्या गुठळ्या आता दिसल्या. म्हणाले, हिच्या अंगात परक्या रक्ताशी भांडणाऱ्या अँटीबॉडी आहेत, आधी कधी रक्त चढवलंय का? दत्तू ठाम नाही म्हणाला. दहिवलीहून आलेली सुनंदाची आई मात्र रडायला लागली.

"चढवलं व्हतं, सायेब. पयल्या बाळंतपनात, म्हायेरी. आठ दिसांनी डोळं पिवळं, लघवी चहावानी. कावीळ समजून आमी गप ऱ्हायलो. सासरी कळलं तर पोरीला दुखनाईत म्हनतील..."

दत्तू चिडेल असं वाटलं होतं. तो एवढंच म्हणाला, "आई, आता सांगितलंत ना, बरं झालं."

कर्जतहून सुनंदाच्या भावाला बोलावलं. त्याचं रक्त कोमट पाण्यातही नीट राहिलं. सुनंदा वाचली.

माझ्या कळीचं काय, हे मी डॉक्टरांना विचारलं. अशक्तपणा, म्हणाले. असेल... पण सुनंदाच्या आधी, त्याच जागी, तीच कळ? त्यानंतर मी कितीदा तरी रक्त दिलं, दर वेळी चहा घेऊन बाकावर बसलो. काही झालं नाही. कारण मला अजून सापडलेलं नाही.

पुढे तीच मुलगी माहेरी बाळंत होऊन सासरी निघाली, तेव्हा मी गेलो होतो. सुनंदा तिच्या पिशवीत दवाखान्याचे कागद घालत होती, सगळ्यात वर बाळंतपणात काय झालं, रक्त चढवलं का, याची तिने स्वतः लिहिलेली चिठ्ठी. माझ्याकडे बघून हसली.

"सगळं लिवून दिलंय, भाऊ. दर येळी तुमच्या कमरेवर कसं इसंबून ऱ्हायचं?"