लेकीशी अदबीने बोलणारा बाप

लंडनमध्ये हाउन्सलोला राहायचो तेव्हा सकाळच्या बसमध्ये मला इंडोनेशियाचा एक जावानीज गृहस्थ रोज दिसायचा. एअरपोर्टच्या किचनमध्ये कामाला होता. जाता जाता पाच-सहा वर्षांच्या मुलीला शाळेत सोडायचा. म्हाताऱ्या माणसासमोरून जाताना तो कमरेत वाकून, उजवा हात खाली धरून पुढे सरकायचा. मुलीला खिडकीबाहेरचं काही दाखवायचं तर बोटाने नाही, अंगठ्याने.

मुलगी इंग्लिशमध्ये बडबडायची. तो मात्र तिच्याशी आपल्या भाषेत, फार अदबीने बोलायचा. एकदा मी विचारलंच.

"आमच्यात मोठ्यांशी बोलायचे शब्द वेगळे असतात," तो म्हणाला. "तेच मी हिच्याशी वापरतो."

म्हणजे आपण लेकीला 'अहो, बसा' म्हणावं तसं!

"गावी आम्ही आजोबांशी कसं बोलतो ते ऐकून मुलं शिकतात. इथे हिने कुठे ऐकायचं?"

"पण ती उत्तर इंग्लिशमध्येच देते."

"देऊ दे. कानावर तर पडतंय."

माझ्या मुलांच्या मराठीचा नाद मी केव्हाच सोडला होता.

एके दिवशी ड्रायव्हर पांढऱ्या दाढीचे सरदारजी होते. उतरताना मुलगी त्यांच्यासमोर किंचित वाकली आणि म्हणाली, "मातुर नुवुन."

"वेलकम, पुत्तर," सरदारजी म्हणाले.

बाप दारातच थबकला. "थँक यू म्हणाली," तो मला म्हणाला. "मोठ्यांना म्हणतात तसं. मी सांगितलं नव्हतं."

"डॅडी, कम ऑन!" फुटपाथवरून मुलगी ओरडली. तो हसतच खाली उतरला.