वैशाखात धुतलेली फिल्म

वासुदेवकाकांनी पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. वर्ध्याकडच्या तळेगावच्या शाळेत बदली झालेली, खोली शोधत मी त्यांच्या दारात उभी होते. हातात बॅग, घामाने जीव नकोसा झालेला. आणि बनियनवर बसलेला हा गृहस्थ माझ्या तोंडाकडे डोळे बारीक करून पाहत म्हणाला, "बाई, जरा खिडकीकडं वळजो." का कोण जाणे, मी वळले. "हां, आता बरोबर. नाकाची सावली व्हटावर पडून राह्यली होती." मग आत तोंड करून ओरडले, "अवं, वरच्या खोलीले मास्तरीण आली!" आतून काकूंचा आवाज आला, "आधी पाणी द्या तिले. तिलेबी उजेडात उभी केली काय?"

ही त्यांची सवयच होती. दुकानात गिऱ्हाईक आलं तरी त्याची खुर्ची आधी चार बोटं सरकवायची, मग काय पाहिजे ते विचारायचं. मला ते 'बाई' म्हणत, पण कायम एकेरीवर. काका जाऊन आता दोन हिवाळे झाले. अजूनही कुणाच्या घरी गेले की मी आधी खिडकी कुठे आहे ते पाहते आणि मग बसते, आणि घरचे लोक मला विचित्र समजतात.

त्यांचं दुकान पाइप, मोटारी आणि पाण्याच्या टाक्यांचं. गावातल्या निम्म्या घरांवर दिसणाऱ्या काळ्या टाक्या त्यांनीच विकलेल्या. पण जीव होता तो कृष्णधवल फिल्मवर. मुंबईहून कुरियरने डब्या यायच्या आणि थेट फ्रिजमध्ये, दह्याच्या शेजारी. काकू कुरकुरायच्या, "लोकायच्या फ्रिजात भाजी राह्यते, आमच्या इथं रिळं." काका डबी हातात घेऊन बराच वेळ विचार करीत, आज कोणाला काढायचं आहे. पोरांच्या कबड्डीला एक फिल्म, पोळ्याच्या बैलांना दुसरी. म्हाताऱ्या माणसांसाठी त्यांची लाडकी एक होती, जुन्या पद्धतीची, सावकाश उजेड घेणारी. "हिच्यात काळ्याचे लय प्रकार दिसते, बाई. तव्याचा काळा येगळा, जांभळाचा येगळा, केसायचा येगळा. पण लेप लय नाजूक हाय हिचा." फिल्म म्हणजे शेवटी प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावरचा पातळ लेप, चित्र काय ते त्या लेपातच असतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

उजेड मोजायचं छोटं यंत्र त्यांच्या खिशात असे, पण त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "मूर्ख हाय हे. समोर काळं मानूस दिसलं का म्हणते, अंधार पडला, उजेड वाढव! अन् वाढवला का मानूस पांढरं फटक. याले समजतच नाई का मानूस काळंबी राहू शकते." असं म्हणून ते यंत्राने सांगितलेल्यापेक्षा उजेड थोडा कमीच द्यायचे. मग मागच्या मोरीचं दार काळ्या रेक्झिनने बंद करून आत फिल्म धुवायचे. बाहेर आले की ओली पट्टी दोन बोटांत धरून, अंगणातल्या उजेडाकडे करून, आधी काकूंना दाखवायचे. काकू पोळी लाटता लाटता म्हणायच्या, "हं, दिसली." पण लाटणं थांबवून नीट पाहायच्या, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नव्हता. होळी झाली की फिल्म धुणं बंद, ते मृग लागेपर्यंत. आमच्याकडच्या उन्हाळ्यात नळाचं पाणी म्हणजे अंघोळीचं कढतं पाणी, आणि गरम पाण्यात तो लेप फुगतो, सुटतो. "उन्हाळ्यात फोटो काढाचा, पण धुवाचा नाई. थांबता येत नाई त्यानं या कामात पडू नये," म्हणायचे.

त्या घराच्या भिंतींवर सगळं गाव टांगलेलं होतं. न्हावी, पोस्टमन, कापूस वेचणाऱ्या बाया, माझा पण एक. काकूंचा मात्र एकही नव्हता. काकू सावळ्या नव्हत्या, चांगल्या काळ्या होत्या, आणि 'सावळी' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "सावळी काऊन म्हणता? काळीची समजूत काढून राह्यले काय?" मी एकदा काकांना विचारलं, काकूंचा फोटो का नाही? ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत.

तरुणपणी काका आर्वीला त्यांच्या मामांच्या स्टुडिओत काम करीत. लग्नाच्या मुलींचे फोटो काढणं हा तिथला मोठा धंदा, आणि मुलगी काळी असली तर फोटोत गोरी करून द्यायची हा तिथला रिवाज. त्यात अवघड काही नव्हतं. छापताना कागदाला उजेड कमी द्यायचा, की मुलगी उजळते. असाच एका मुलीचा फोटो काकांनी छापून दिला आणि पुढच्या कामाला लागले. काही महिन्यांनी तोच फोटो एका नातेवाइकाच्या हातून फिरत फिरत त्यांच्याच घरी आला. आईला मुलगी पसंत पडली. काकांनी स्वतः छापलेला फोटो ओळखला, मुलगी प्रत्यक्षात कशी आहे हेही त्यांना आठवलं, आणि ती त्यांना तशीच आवडली होती म्हणून ते गप्प बसले. लग्नाच्या मांडवात आईने सून पाहिली. त्यानंतर सासूबाई असेपर्यंत काकूंनी एकच वाक्य ऐकलं, "फोटोत तं गोरी होती." भाजी करपली तरी तेच, पोरगी झाली तरी तेच.

"मीच तिले गोरी केलतं, बाई," काका म्हणाले. "एकदा तिले जशी हाय तशी काढतो म्हणून किती मागं लागलो. बसतच नाई कॅमेऱ्यापुढं. म्हणते, एकदा फसली, आता नाई." गावभराचे चेहरे काढणाऱ्या माणसाची सगळी धडपड एका चेहऱ्यासाठी चालली होती, आणि तो चेहरा स्वयंपाकघरातून त्याला चहा आणून देत होता.

मग काकूंना पोटाचं दुखणं निघालं. वर्ध्याच्या दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या. लेक वर्षा नागपूरहून येऊन राहिली. काकू वाळत गेल्या. वैशाखातल्या एका सकाळी, पुन्हा भरती व्हायला निघायचं होतं त्याच्या आधी, त्या अंघोळ करून, हिरवं लुगडं नेसून बाहेर आल्या आणि खिडकीपाशी स्टूल ओढून बसल्या. "काढा," म्हणाल्या. काकांना आधी कळलंच नाही. "फोटो काढा म्हणते. पण पावडर नाई लावन मी." फिल्म भरायला काकांना दोनदा बसावं लागलं. त्यांनी ती लाडकी, नाजूक लेपाची फिल्मच घेतली. काकू सरळ कॅमेऱ्यात पाहत होत्या. "हासू काय?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "तुले वाटन तं हास." त्या हसल्या नाहीत. मी दारात उभी होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

मृगापर्यंत थांबायला आता वेळ नव्हता. वर्षा काकूंना घेऊन वर्ध्याला गेली. काका मागे राहिले, फोटो घेऊनच येतो म्हणून. गोळेवाल्याकडून बर्फ आणला, माठातलं पाणी घेतलं, फिल्म धुवायच्या औषधांच्या बाटल्या बर्फाच्या घमेल्यात उभ्या केल्या. भर दुपारी मोरीचं दार बंद झालं. सगळं नीट झालं. फिल्म उघडून त्यांनी पाहिली सुद्धा. आता राहिलं होतं फक्त शेवटचं, साध्या पाण्यातलं धुणं. तेवढ्यात फोन वाजला. वर्षा रडत होती, आईला दम लागला आहे, लवकर या. काकांनी ते रीळ तसंच नळाखाली ठेवलं, नळ सोडला आणि फोन कानाला लावून बाहेर धावले.

वरची टाकी त्यांच्याच दुकानातली, काळी, सकाळपासून उन्हात तापलेली. अख्ख्या गावाला टाक्या विकणाऱ्या, उन्हाळ्यात फिल्मला पाणी न लावणाऱ्या माणसाला त्या क्षणी टाकी आठवली नाही. मी खाली आले तेव्हा ते मोरीत जमिनीवर बसले होते. हातात स्वच्छ, आरपार दिसणारी पट्टी. लेप सुटून मोरीच्या तोंडाशी करड्या सायीसारखा जमला होता आणि काका तो बोटांनी उचलायचा प्रयत्न करीत होते. नळ चालूच होता. बंद करायला हात घातला तर मला चटका बसला. "आली होती, बाई," ते म्हणाले. "म्या पाह्यलं तिले. अशी आली होती..."

मिळाली त्या पहिल्या गाडीने मी त्यांच्याबरोबर वर्ध्याला गेले, पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. वॉर्डच्या दाराशी त्यांनी रुमालाने तोंड पुसलं आणि हसत आत गेले. काकूंचा दम तोवर बसला होता. त्यांनी विचारलं, "आला काय?" "आला," काका म्हणाले. "लय झ्याक आला." "काळीच आली ना?" "जशी हायेस तशी." काकू हसल्या. "मंग घरी गेल्यावर पाह्यन," म्हणाल्या. काका औषध आणायचं निमित्त करून बाहेर गेले.

ते गेल्यावर काकूंनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "पोरी, फोटो बिघडला ना?" मी त्यांचं पांघरूण सारखं करू लागले. "चांगला आला असता तं ओलाच घेऊन आले असते ते. एवढ्या वर्सात कधी खिसा रिकामा घेऊन आले काय? लय जीव होता त्यायचा त्याच्यात. मी हाय तोवर बोलू नको. मंग काय सांगाचं ते सांगजो." एवढं बोलून त्या थकल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हुंदक्यांनी हलत होती. त्यांना तो फोटो हवा होता. त्यांनाही फार हवा होता.

काकू घरी आल्या नाहीत. तेरवीला वर्षाने आर्वीहून मोठा रंगीत फोटो करून आणला, आधार कार्डावरून वाढवलेला. दुकानदाराने न सांगताच चेहरा उजळ केला होता, गालावर थोडी लालीसुद्धा. वर्षाचा यात काही दोष नव्हता, बिचारीला तेवढाच सापडला. लोक येत होते, त्या फोटोला फुलं वाहत होते. काका कोपऱ्यात बसून ते पाहत राहिले. एकदा फक्त मला हळूच म्हणाले, "ही कोन बाई हाय?"

सगळे पांगल्यावर आम्ही दोघं मागच्या ओट्यावर बसलो. "म्या तिले खोटं सांगून धाडलं," काका म्हणाले. "आधी गोरी करून फसवलं, मंग काळी आली म्हणून फसवलं. ती बिचारी मानून गेली." ते पुन्हा पुन्हा तेच बोलत राहिले, तेव्हा माझ्याच्याने राहवेना. काकू काय म्हणाल्या होत्या आणि मग भिंतीकडे वळून कशा रडल्या, ते मी त्यांना सांगितलं. वाटलं, या माणसाच्या छातीवरचा दगड थोडा तरी हलेल.

"तिले माहीत होतं?"

"हो, काका."

"मंग बोलली काऊन नाई वं ती?"

"तुम्हाला त्रास होईल म्हणून."

काकांनी तोंडावर ओघळलेलं पाणी पुसलंही नाही.

"म्या तिच्यासाठी हासलो," ते म्हणाले, "अन् ती माह्यासाठी हासली. मी बाहीर जाऊन रडलो, ती भिंतीकडं तोंड करून रडली. एकदा बोलली असती तं दोघंबी संगं रडलो असतो, बाई. तिचा हात धरून रडाचं होतं मले. तेवढंबी नाई झालं आमचं."