तिसऱ्या चाकावरची घंटा

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला मी स्लॉट मशीनचं, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या जुगाराच्या यंत्राचं, गणित करायचे. नागपूरला घरच्यांना फोनवर मात्र ‘गेमिंग सॉफ्टवेअर’ एवढंच सांगायचे. तीन चाकांवर कोणतं चित्र किती वेळा आहे ते बघायचं, कोणती जोडणी किती वेळा लागेल आणि तिच्यावर किती मिळेल याचा गुणाकार करायचा, मग सगळ्याची बेरीज. खेळणाऱ्यांच्या शंभर पाउंडांतले सरासरी किती परत जातात, ते त्यातून निघे.

एकदा मॅनेजर म्हणाला, “अठ्ठ्याऐंशी जास्त होतात. चौऱ्याऐंशीवर आण.” मी तिसऱ्या चाकावरची एक घंटा काढली, तिथे लिंबू टाकलं, एकदोन बक्षिसं थोडी छाटली. आकडा अचूक बसला. त्या दिवशी मी खुशीत घरी आले.

मी जिच्याकडे खोली घेतली होती ती घरमालकीण सत्तरीची, एकटी. मशीन शंभरातले किती परत देतं ते मी सांगितल्यावर तिनं विचारलं, “चौऱ्याऐंशी परत मिळतात म्हणजे फारसं काही जात नाही, हो ना?”

“नाही जात,” म्हणून मी कुकर लावायला गेले.

पुढे एका शनिवारी तिनं मला हौसेनं बिंगो हॉलला नेलं; तिथे आकड्यांच्या खेळाबरोबर अशी मशीनंही असतात. ती आमच्याच मशीनसमोर बसली. आलेली नाणी तिनं परत आत टाकली, त्यातून आलेली तीही टाकली. शेवटी ट्रे रिकामा झाला.

“असू दे,” ती म्हणाली. “तुझं मशीन आहे, ते मला फसवणार नाही.”

बसस्टॉपवर मला राहवेना. “आलेले पैसे तुम्ही पुन्हा टाकता, त्यातलेही दर वेळी कापले जातात. असं करत सगळेच जातात. मी तेव्हाच नीट सांगायला हवं होतं. आणि परत मिळणारं कमी केलं, तेही मीच.”

रस्त्याकडे बघत ती म्हणाली, “घरात बसवत नाही गं मला.”

बस आली, तशा आम्ही दोघी चढलो.

काही महिन्यांनी मी दुसरी नोकरी धरली. खोली तीच ठेवली. ती मात्र शनिवारी कोट चढवताना “लायब्ररीत जाऊन येते” म्हणायला लागली. परतताना हातात पुस्तक कधीच नसायचं. मला वाईट वाटू नये म्हणून ती खोटं बोलत होती, हे कळूनही मी “जपून जा” एवढंच म्हणायचे.