कंबरेला खोचलेलं यंत्र

सुदर्शनचा राग नाकाच्या शेंड्यावर, हे जव्हारात सगळ्यांना ठाऊक. शाळामास्तरांचा मुलगा. ठाण्याच्या एका कंपनीत तो हातात मावणाऱ्या यंत्रांच्या कर्नलवर, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार हाकणाऱ्या आतल्या प्रोग्रामवर काम करायचा. २००६ साली ही यंत्रं एका संस्थेने मोखाड्याच्या पाड्यांवर बाळांची वजनं नोंदवायला घेतली, आणि पोशेऱ्याला ही वजनं घेणाऱ्या पुष्पाचं यंत्र दुरुस्तीला चौथ्यांदा परत आलं. बॅटरी वाचवायला यंत्र झोपायचं. जागं झालं की पडदा उजळायचा, पण एक बटण चालेल तर शपथ.

"अडाणी बाई आहे, आदळत असेल," सुदर्शनचे साहेब म्हणाले. पुन्हा बिघडलं तर तिला कामावरून काढा, असं त्यांनी संस्थेला कळवूनही टाकलं. सुदर्शनने टेबलावर यंत्र दोनशे वेळा झोपवलं, उठवलं. धड चाललं. मग त्यालाही साहेबांचंच खरं वाटलं आणि तो तणतणत पोशेऱ्याला गेला.

पुष्पाने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. "परत मलाच बोलाया आला का?"

"तुमच्याबरोबर फिरून बघतो."

तिने एका बाळाचं वजन नोंदवलं, काटा आणि झोळी दोन्ही हातांत घेतली, यंत्र कंबरेला गच्च खोचलं आणि चढाला लागली. पुढच्या पाड्यावर बटणं बंद.

सुदर्शन चरफडला, पण आता स्वतःवर. खोचलेल्या यंत्राचं बटण पोटाशी दाबलेलं राहायचं आणि यंत्र तसंच झोपायचं. बटणांवर लक्ष ठेवणाऱ्या चिपला ते झोपेत सुटलेलं कळायचं नाही. जागी झाली तरी ती त्या एकाच बटणावर अडून बसायची. ऑफिसात यंत्र कंबरेला कोण खोचतो?

ठाण्याला येऊन त्याने दुरुस्ती केली: जागं होताच जुनं विसरायचं, सगळी बटणं नव्याने तपासायची. बदलाच्या नोंदीत लिहिलं, 'चूक आमची, त्या बाईंची नाही.'

"ही ओळ काढ. संस्थेला काय तोंड दाखवू मी?" साहेब म्हणाले.

"तिला काढा म्हणताना तोंड होतं की."

नोंद तशीच संस्थेकडे गेली. सुदर्शनची बढती त्या वर्षी राहिली ती राहिलीच.

नवं यंत्र त्याने स्वतः नेऊन दिलं. पुष्पाने ते मुद्दाम त्याच्यासमोर खोचलं, चढ चढून आली, बटण दाबलं. चाललं. तिने दुसरं दाबलं, तिसरं दाबलं.

"तुझा साहेब येल का, चुकलो म्हणाया?"

"नाही."

"मला ठावं होतं." ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे आदळून म्हणाली, "तू आला. पी."