दोन मापटी माणसं

तात्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि वाचून दाखवलं, "आमच्या वडिलांची हुशारी अशी, की गावाबाहेरची अख्खी वस्ती त्यांनी धान्याच्या मापट्याने मोजली. भरली दोन मापटी माणसं."

सगळे हसले. गुरुग्राममधला, एकोणिसाव्या मजल्यावरचा तात्यांच्या घरचा हॉल. आठ-नऊ जण, सगळे मूळचे आमच्याच गावचे, दिल्लीत हयात गेलेले. तात्यांच्या बायको, आमच्या वहिनी, इतक्या हसल्या की त्यांच्या हातातला ढोकळ्याचा ट्रे हलला. सोफ्यावरचे एक निवृत्त इंजिनीअर म्हणाले, "क्या बात है यार. हे चॅप्टरच्या सुरुवातीलाच घ्या."

मीही हसले.

हे आधी सांगून टाकते, कारण तेच सांगायला सगळ्यात जड जातं. त्यांच्या हसण्याची किळस मला नंतर आली. आधी आली ती माझ्या स्वतःच्या तोंडाची. तीस वर्षं कचेरीत साहेब हसले की हसायचं, त्याची ही सवय.

तात्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचे वडील आमच्या गावच्या शाळेचे हेडमास्तर. मी केंद्राच्या एका मंत्रालयात भाषांतराच्या शाखेत आहे, गाझियाबादला राहते. सहा महिन्यांपूर्वी तात्यांचा फोन आला. दिल्लीतले गावकरी मिळून गावाचं पुस्तक काढतायत, इतिहास आणि लोकवस्ती. "तुमचं मराठी एकदम शुद्ध आहे. शिवाय तुमच्या समाजाचंही एक नाव पाहिजे ना कव्हरवर. बरं दिसतं."

दुसरं वाक्य मी ऐकलं होतं. ऐकून गिळलं. सहसंपादक म्हणून माझं नाव छापणार होते. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसचा हॉल प्रकाशनासाठी ठरला होता, त्या दिवशी नेसायला मी साडीसुद्धा घेऊन ठेवली होती. दर रविवारी मेट्रो बदलत गुरुग्रामला तात्यांकडे जायचं आणि देवळाचा इतिहास, बाजाराचा इतिहास, कोणत्या वाड्याला किती खण होते त्याचा इतिहास तपासायचा. लोकवस्तीचं प्रकरण तात्यांनी शेवटपर्यंत स्वतःकडे ठेवलं होतं. ते त्या दिवशी बाहेर आलं.

मापट्याची ती गोष्ट मला ठाऊक होती. मी तिथे होते.

नऊ वर्षांची होते. गावात शिरगणती निघाली आणि काम हेडमास्तरांकडे आलं. वाड्यांच्या आळीत ते घरोघर गेले, ओसरीवर बसले, चहा प्याले. आमच्याकडे यायचं म्हणजे ओढा ओलांडायचा. तो त्यांनी ओलांडला नाही. दवंडी आली, घरटी एकाने चावडीपुढे यावं, घरात जितकी माणसं तितके चिंचोके आणावेत. आमच्या लोकांना हे नवं नव्हतं. धान्य वाटायचं असो की वेठीला माणसं हवी असोत, आमची मोजदाद चिंचोक्यांनीच व्हायची.

पण मी तिसरीत होते. मला लिहिता येत होतं. वहीचं पान फाडून मी घरातली सात नावं लिहिली. आजी, बाबा, आई, दोन भाऊ, मी. सातवी धाकटी बहीण, जन्मून आठवडा झालेला. तिचं बारसं व्हायचं होतं. नाव नसलेलं माणूस लिहायचं कसं? मीच तिचं नाव ठेवलं. सुमन.

तो कागद घेऊन मी चावडीपुढे उभी राहिले. फार ऐटीत.

हेडमास्तर खुर्चीवर होते. म्हणाले, "नावं कुणी मागितली गं? चिंचोके कुठायत?"

कागद त्यांनी हातात घेतला नाही. मी तो पायरीवर ठेवला. त्यांनी छडीच्या टोकाने तो खाली ढकलला. मी पळत घरी गेले आणि सात चिंचोके आणले. गोणपाटावर ढीग झाला होता, त्यात टाकले. मला वाटलं, आता मोजतील. एका मापट्यात किती मावतात ते त्यांनी आधी एकदा बघून ठेवलं होतं. कोतवालाला म्हणाले, "भर." त्याने भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. तिसऱ्यांदा भरताना मापटं अर्धंही होईना.

"दोनच धर. उरलेले घेऊन जा म्हणावं."

उरलेले चिंचोके कोतवालाने माझ्या ओच्यात ओतले. मी चालत घरी आले आणि वाटभर एकच विचार करत होते, की यात आपले किती. सुमन यात आहे का. बाबा आहेत का.

आईने ओचा बघितला. "माघारी का आनले गं?"

"मापटं भरलं."

घरात त्या दिवशी फारसं काही नव्हतं. तिने ते चिंचोके चुलीत भाजले आणि आम्हाला खायला दिले. मोजणीत न बसलेली माणसं आम्ही त्या दुपारी चावून खाल्ली. छान खरपूस लागली.

हे सगळं मला त्या सोफ्यावर बसून आठवत होतं आणि हातात बशी होती. मी बशी खाली ठेवली.

"तात्या, त्या ढिगात आमच्या घरचे सात होते. मीच टाकले होते."

तात्यांना एक क्षण कळेना. मग ते खुशीत आले. "अच्छा! म्हणजे तुम्ही आय-विटनेस. मग हे तुमच्या शब्दांत लिहा ना, गंमत येईल."

"तुमच्या वडिलांनी उरलेली माणसं परत पाठवली. ती किती होती ते लिहिणार?"

"आता ते कुठून आणणार? अंदाजेच धरायचं. पुस्तक वाचनीय व्हायला हवं, मॅडम."

"मग माझं नाव काढा."

वहिनी म्हणाल्या, "अगं, इतकं काय मनावर घेतेस? त्या वेळी तसंच होतं सगळं." सहा महिने मी त्यांची अहो होते. एका वाक्यात अगं झाले.

तात्यांचा आवाज उतरला. "तुझं नाव काढलं तर पुस्तक सगळ्या गावाचं कसं दिसेल?"

बघा. मी शुद्धलेखनासाठी नव्हतेच तिथे. त्यांच्या घाणीवर झाकण हवं होतं, ते मी होते. आणि झाकण व्हायला मी साडी घेतली होती.

पर्स उचलली आणि निघाले. कुणी दारापर्यंत आलं नाही.

मेट्रोतूनच सुमनला फोन लावला. ती गावीच आहे, अंगणवाडीत काम करते. बारशाला घरच्यांनी तेच नाव कायम केलं. मी तिला म्हटलं, सगळं गाव मोजायचंय, घर न् घर, नावानिशी.

"आक्का, मला काय शिकवतीस? पोलिओला वाड्यातबी मीच जाते. त्यांच्या दारावर खडूनं आकडा मीच घालते."

गेल्या रविवारपासून तिने सुरुवात केली आहे. ती नावं सांगते, मी टाइप करते. ओढ्याच्या अलीकडचं गाव, पलीकडचं गाव, सगळं. हयात नसलेल्यांचीही नावं घेतो आहोत, म्हाताऱ्या माणसांना विचारून.

यात अंदाजे हा शब्द कुठेच येणार नाही. पहिलं नाव सुमनचं आहे. हेडमास्तरांचंही नाव असेल, पूर्ण, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. त्यांनी काय केलं तेही खाली असेल. आणि तात्या, तुम्ही हसलात आणि मीही हसले, ते दोन्ही मी लिहिणार आहे.