कासवाला सांगितलेलं

आमच्या परसातल्या विहिरीत एक कासव होतं. पाणी स्वच्छ राहावं म्हणून सासऱ्यांच्या वडिलांनी सोडलेलं, असं सांगत. मी लग्न होऊन अल्लीपूरकडच्या या गावात आले, तेव्हापासून पाणी काढताना खाली कधीमधी त्याची पाठ दिसायची. तेवढीच ओळख.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे, पण मनातल्या मनात. त्यांच्यासमोर सुनेने बोलायचं नाही, अशी घरची रीत होती आणि माझा स्वभावही तसाच. काही सांगायचं तर सासूबाईंना सांगायचं, त्या पुढे सांगत. आणीबाणी उठली त्या वर्षी सासूबाई गेल्या. आमचे हे हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये होते. सकाळच्या गाडीने जात आणि दिवेलागणीला येत. दिवसभर मामाजी ओसरीत आणि मी आत. चहा झाला की मी कपबशी वाजवायची. पाणी हवं असलं की ते खोकायचे. भाजी अळणी झाली तरी तशीच खाऊन उठायचे, आणि मला ते माझं जेवण झाल्यावर कळायचं.

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला घेतला. कडेचा एक दगड सुटून खाली गेला तो कासवाच्या पाठीवर. गड्यांनी ते घमेल्यात घालून वर आणलं. पुढचे पाय हलत होते, मागचे दोन नुसते ओढले जात होते. गाळ निघाल्यावर गडी म्हणाले, द्या आता सोडून. मामाजींनी होकाराची मान हलवली.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्यांना सांगणार कसं? मी कासवाकडे तोंड केलं.

"कसा जाशीन रे बाप्पा खाली? तुहे मागचे पाय त हालत नाई. श्वास घ्याले वर येता येईन काय तुले? बुडशीन ना."

गडी हसले. "अवो वैनी, कासव कुठं बुडते काय!"

मामाजी हसले नाहीत. घमेल्यावर वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि कासवालाच म्हणाले, "बरं मंग. राह्य घरीच."

त्यांनी माझ्या बोलण्याला दिलेलं ते पहिलं उत्तर.

कासव ओसरीत राहिलं. सकाळी मी घमेल्यात कोमट पाणी भरून त्याला उन्हात बसवायची. घसटून घसटून पोट सोललं होतं, तिथे जवसाच्या तेलात हळद कालवून लावायची. मामाजी ओलिताच्या शेतातून गांडुळं आणून देत. आणि बोलणं सुरू झालं. "चहा गार होऊन राह्यला म्हणा," मी कासवाला सांगायची. "काऊन गा, आज मीठ संपलं काय घरातलं?" ते कासवाला विचारायचे. मी पदरात हसायची आणि मीठ नेऊन ठेवायची.

एक दिवस ते त्याला पिशवीत घालून मोटारीने जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. परत आल्यावर ओसरीत बसून डॉक्टर काय म्हणाला ते सगळं त्यांनी कासवालाच सांगितलं, जसं काही ते डॉक्टरकडे गेलंच नव्हतं.

"डाक्टर हासला, बरं का. म्हणे, बाबाजी, बैल पाह्यले, बकऱ्या पाह्यल्या, हे पह्यलंच. पाय काही येनार नाई म्हणे. पन खाते तवर जगते. घसटू देऊ नका म्हणे."

घसटू द्यायचं नाही तर चालवायचं कसं? कोठीत आमच्या ह्यांच्या लहानपणचा तान्ह्या पोळ्याला पोरं दोरीने ओढत नेतात तसला लाकडी नंदी होता, चाकांचा. नातवासाठी जपून ठेवलेला. मामाजींनी त्याची मागची दोन चाकं दांडीसकट काढली, एका फळीला ठोकली, फळीवर माझ्या जुन्या लुगड्याची घडी ठेवली आणि कासवाचा मागचा भाग त्यावर बांधला. थोडा वेळ ते तसंच राहिलं. मग पुढचे पाय टेकून निघालं. चाकं खर्र खर्र वाजायला लागली.

संध्याकाळी हे आले. "बाबा, नातवाचा नंदी मोडला तुम्ही?"

मी चुलीशी होते, हात थांबले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती.

"नातू येईन तवा पाहू," मामाजी म्हणाले. "हे त आज घसटून राह्यलं."



थंडी पडली तसं कासव खाईना. डोळे सुजले. मी तोंडाशी भाताचं शीत धरायची, ते मान आत घ्यायचं. चाकं बांधली तरी हलायचं नाही. मामाजी दिवसातून कितीदा तरी येऊन वाकून पाहायचे. मला कासवाची काळजी होती, पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. हे गेलं तर आम्ही पुन्हा खोकला आणि कपबशीवर येणार.

एका सकाळी पाणी घालायला गेले तर मान बाहेर लोंबत होती. मामाजींनी विहिरीजवळ खड्डा केला. चाकं धुऊन नंदीला परत बसवली, एक थोडं तिरकं बसलं. शेणाने सारवलेल्या ओसरीवर चाकांच्या दोन रेघा होत्या. मी सारवताना तेवढी जागा सोडून द्यायची. त्यांनी पाहिलं असणार, पण बोलले नाहीत. कोणाकडे पाहून बोलणार होते?

मी कपबशी वाजवली. ते खोकले. असं बरेच दिवस चाललं.

मग एका दुपारी मी भांडी घासत होते, तर ओसरीतून आवाज आला.

"आज वरण चांगलं झालतं गा."

दारात जाऊन पाहिलं. रिकामं घमेलं भिंतीशी होतं तसंच होतं. मामाजी त्याच्याकडे पाहत बसले होते. पदर पुढे ओढला आणि घमेल्याला सांगितलं, "उद्या बी करीन म्हणा."

मामाजी होते तोवर ते घमेलं मी ओसरीतून हलवलं नाही. रोज त्यात पाणी भरायची. शेजारणींना वाटायचं, पाखरांसाठी ठेवलंय. पाखरंही यायची.